अडीच सेकंद

आमच्या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो.
लांबुळका चेंडू, दोन्ही टोकांना निमुळता;
तेरा वर्षं मी तो पायांमधून मागे दिला, न बघता,
आणि दिल्याक्षणी समोरून दीडशे किलोंचा कोणीतरी
छातीवर येऊन आदळला.
एवढंच माझं चरित्र.
गुडघे आता दोन्ही धातूचे.
ईरी सरोवरावर वारा फिरला की आधी त्यांना कळतं.

गेल्या हंगामात आमचा क्वार्टरबॅक एकसष्ट वेळा आडवा झाला.
शेवटच्या वेळी हासळीचं हाड मोडलं.
आवाज मी कठड्यापाशी ऐकला:
वाळकी काटकी मोडावी तसा,
नाही, त्याहूनही लहान.
जानेवारीत पाच कपाटं रिकामी झाली.
नावांच्या पट्ट्या सोलून काढल्या,
खालचा डिंक राहिला.

एप्रिलमध्ये नवे आले.
विलियामी, टोंगाच्या आईबापांचा,
ताटावर डोळे मिटून काही पुटपुटणारा.
नेब्रास्काचा क्लाइन: गाई ढकलायची सवय,
माणसं ढकलायची लाज.
कॉर्डेलला दुसऱ्या संघानं टाकलेलं, खांद्यात तीन खिळे.
एकाचं नाव मी महिनाभर चुकीचं घेतलं,
त्यानं एकदाही सुधारलं नाही.
आणि माझ्या जागी ऑस्कर,
बावीस वर्षांचा, नखं कुरतडलेली.

प्रशिक्षक पोकोर्नी फळ्यावर पाच वर्तुळं काढायचा,
सुबक, एकमेकांना चिकटून.
मैदानावर एक डावीकडे सरके, शेजारचा उजवीकडे,
मधून दुधाचा ट्रक गेला असता.
"विटा चांगल्या आहेत," पोकोर्नी म्हणाला,
"चुना कुठून आणू?"

जूनमध्ये मी घर विकलं.
मार्जोरीचा पियानो वरच्या मजल्यावर,
ती गेल्यापासून झाकण न उघडलेला.
हमाल मिळाले असते.
मी या पाचजणांना बोलावलं.

जिना अरुंद, मध्ये वळण.
ऑस्कर खालच्या बाजूला, उलट्या पावलांनी,
त्याला दिसत काहीच नव्हतं.
"पायरी," तो म्हणाला.
वरून कोणीतरी म्हणालं, "पायरी."
वळणावर क्लाइनचं बोट भिंतीत चेंगरलं.
सोडलं नाही त्यानं. हळूच म्हणाला,
"भार माझ्याकडे आलाय."
विलियामी न विचारता वीतभर वाकला.
आत कुठलीशी तार वाजली,
खर्जातली, लांबलेली.
सगळे थांबले.
मीही, खाली, हात उगाच पुढे केलेले.
मग ऑस्कर: "पायरी."

ऑगस्टमध्ये पहिला सामना, परक्या गावी.
साठ हजार लोक ओरडत होते,
शेजाऱ्याचा श्वास ऐकू येऊ नये म्हणून.
भिंतीला कान असतात म्हणतात.
अशा वेळी आमच्या भिंतीला बोटंच पुरतात:
उजवीकडच्यानं ऑस्करच्या मांडीला एकदा टिचकी मारली,
आणि चेंडू निघाला.

एक.
पाचही जण मागे सरकले,
उलट्या पावलांनी, ढुंगण खाली, हात पुढे,
जणू अजून जड काहीतरी उतरवतायत.
दोन.
कॉर्डेलच्या खांद्यावर कोणीतरी लोटला गेला,
विलियामी वीतभर वाकला.
ही आमची भिंत मागे जाते.
पडत नाही, एवढंच तिचं काम.
आणि अर्धा.

चेंडू कुठे गेला मी पाहिलं नाही.
आयुष्यात कधीच पाहिला नाही.
मैदान एकदम गप्प झालं, त्यावरून समजलं.

सामना आम्ही हरलो, तेही सांगून टाकतो.
दोनदा तो पडलाच; एकदा ऑस्करमुळे, ढळढळीत.
धुलाईखोलीत टेरेसानं त्याची जर्सी उलटसुलट पाहिली,
पाठीवर गवताचे दोनच डाग,
आणि पावडर मोजून कमी घातली.

सकाळच्या पेपरात क्वार्टरबॅकचा फोटो,
हात उंच, चेहरा उजेडात.
कडेला कापलेलं एक कोपर, पट्टी सुटत आलेली.
खाली नाव नाही.

ओन्येकाची.
'न्ये'वर जरा टेकायचं, मग पुढे जायचं.
आता मला नीट येतं.