चार पूर्णांक शून्य

नाव-गाव नंतर. आधी सांग, म्हणते खिडकी,
कोणत्या आवृत्तीसाठी बांधणार?
खाली लोंबते यादी. सगळ्यात वर सगळ्यात नवी,
जिची मुदत संपायची तारीखही आधीच ठरलेली,
दुधाच्या पिशवीसारखी.
तळाशी चार पूर्णांक शून्य,
कोणी इतकं खाली उतरेल कशाला
अशा बेतानं ठेवलेली.

पुण्याहून शाल्मली म्हणते, वरची घे गं.
जुन्या मशिनी उरल्यात किती? तीन टक्के.
तिच्या आलेखात तो तुकडा इतका बारीक
की रंग भरायलाही जागा नाही.

मी काल त्या तीन टक्क्यांकडे जाऊन आले.
कळमन्याला, मिरचीच्या गाड्यांमागून शिंकत शिंकत,
धरमकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत.
बाहेर सत्तेचाळीस.
आत कॉम्प्युटरची एक बाजू उघडी, झाकण कधीच हरवलेलं,
आणि खोलीतला एकुलता टेबलफॅन
त्याच्या फासळ्यांवर रोखलेला.
निमजे स्वतः ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून
लाल धुळीत.

“याले हात नका लावू मॅडम.
बाकी सारं बदलवा.
काट्याची वायर यालेच ओळखते.
मांगं शेठनं नवा आणला होता, एकवीस हजाराचा.
काट्यानं त्याले एक आकडा नाही सांगतला.
रिकामा ट्रक, भरला ट्रक,
नुसते शून्य.”

नऊ पिनांची ती वायर.
तिचा ड्रायव्हर लिहिणारी कंपनी हिंगण्याच्या एका शेडमध्ये होती,
आता तिथे गाद्या भरतात.
आणि पलीकडे सरकारी सर्व्हर,
जो चार पूर्णांक शून्यला दारावरूनच परतवतो:
तुमचं कुलूप आमच्या काळातलं नाही.
काटा नव्याशी अबोल, सर्व्हर जुन्याशी.
मध्ये मी, दोन मोठ्या जावांच्या भांडणात
निरोप पोचवणारी धाकटी.

वर राहिले तर तीस ओळींचं काम चार ओळींत होतं,
दोन गोष्टींची वाट एकदम पाहता येते, न अडखळता.
खाली उतरायचं तर दहा वर्षांत शिकलेलं
हातांना विसरायला लावायचं.

बाबा सक्करदऱ्याला शाळेचे गणवेश शिवायचे.
दाबात दोन बोटं कापड सोडायचे, पोर वाढेल म्हणून.
पुढच्यासाठी जागा सोडणं घरातच पाहिलंय.
पण मागच्यासाठी
कापड कुठून सोडायचं?

रात्री अकराला कूलरचं पाणी संपलं.
वाळ्याचा वास गेला, नुसती मोटर घरघरत राहिली.
तळाच्या ओळीवर बोट ठेवलं तर पिवळा त्रिकोण उगवला:
या आवृत्तीला आता कुणाचा आधार नाही.
बरं, म्हटलं. दाबलं.

थोडंसंच लिहिलं. काट्याचं ऐकायचं
आणि साध्या फाइलीत उतरवायचं,
गाडी नंबर, किलो, वेळ, ओळीखाली ओळ.
ती फाइल सर्व्हरकडे नेईल दुसरा तुकडा, वरच्या आवृत्तीचा,
शेठच्या त्या एकवीस हजाराच्या डब्यावर,
जो दोन वर्षं गल्ल्याखाली प्लास्टिकमध्येच होता.
शाल्मली म्हणेल, आता चुका दोन घरांत शोध.
खरंय तिचं. मलाही हे पुरतं आवडलेलं नाही.

सकाळी साडेसातला निमजेंचा फोन.
“मॅडम, गाडी अजून एक नाही आली.
मीच उभा राहून पाहिलं काट्यावर.
साठ दाखवते.”
बरोबर आहे का, मी विचारलं.
काटा दहाच्या पटीतच बोलतो, मला माहीत होतं.
“मांगल्या वर्षी सत्तर होतो,” ते म्हणाले.
फोनमध्ये पंख्याची घरघर.
“पण काटा नाही चुकत. मीच उतरलो असन.”