शेवग्याचा पाला

सात वाजले की मल्लू भिंत धरून चालायचा.
मी म्हणायचे, नाटकं.
मोरी चार पावलांवर, तरी तांब्या लाथाडायचा.
धाकटीच्या हातावर पाय दिला
तेव्हा मी त्याला मारलं.
तो रडला नाही.
मार कुठून आला
ते हवेत शोधत राहिला.

रामनगरच्या अंगणवाडीत रेहानाबाईंनी विचारलं,
"संध्याकाळी दिसतं का रे?"
तो म्हणाला, "संध्याकाळी कुणालाच दिसत नाही ना?"

चमचाभर पिवळं औषध. मग यादी:
गाजर, पपई, अंडं.
पंचवीस तारखेला मी नुसती मान हलवली.
"नाहीतर शेवग्याचा पाला," त्या म्हणाल्या,
"तो काय, कुणीही देईल."

कर्वेनगरला ज्या सोसायटीत मी झाडते
तिथे गेटाशीच शेवगा आहे.
शेंगा वरच्या मजल्यांवर जातात.
छाटणीचा पाला, हिरवागार,
पोत्यात दाबून मी कचऱ्याच्या गाडीत टाकते.
तीन वर्षं.

आज पोतं घरी आणलंय.
उंबऱ्यात बसून दोघं पानं ओरबाडतोय.
ऊन समोरच्या पत्र्यावरून उतरतं,
त्याचा हात मंदावतो.
"अजून दिसतंय," तो सांगतो,
मी विचारायच्या आधीच.