वीस-शून्य

सिमेंटच्या कोर्टवर रात्रीचं दव तसंच.
दोन पोरांनी पोत्यानं पुसलं, मग परत पुसलं.
डिसेंबरातलं नाशिक, सकाळचे साडेसात.
मी केमिस्ट्री लॅबचा अटेंडंट,
अक्षर बरं म्हणून सतरा वर्षं स्कोअरच्या टेबलावर.

पहिली फेरी. मुलींची आठ कॉलेजं.
अंधार पडायच्या आत चार घरी जाणार,
डब्यातली चटणी संपायच्याही आधी.

पहिल्या मॅचनंतर सिन्नरची उंच पोरगी
बुटाची नाडी सोडायला बसली,
ती सोडतच बसली.
दुसरीत शेवटचा चेंडू रिंगवर दोनदा घुटमळला
आणि ओझरच्या बाजूनं पडला.

तिसरी मॅच साडेदहाची. कळवणचा पत्ता नाही.
कुलथे सरांनी घड्याळ पाहिलं, फाटक पाहिलं, घड्याळ पाहिलं.
शहरातल्या पोरी लेअप घेऊन घेऊन घामेजल्या,
मग थंडही झाल्या.
नियम पंधरा मिनिटांचा.
सर सतराव्या मिनिटाला उठले,
तेवढीच दया त्यांच्या हातात होती.
मी लिहिलं : वीस-शून्य.
वीस गुण, बास्केट एकही नाही.
जिंकलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "मग आता काय करायचं?"

सव्वाअकराला त्या आल्या,
टोमॅटोच्या क्रेटांमधून, पिकअपच्या हौद्यात उभ्या.
एसटी दिंडोरीच्या अलीकडं बसली होती.
सात जणी. जर्सीवर नंबर मार्करनं काढलेले,
चाराचा नऊ झालेला घामानं.
कॅप्टन हर्षाली गांगुर्डे. रडली नाही.
शीट मागून घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं.
"यात आमची नावं कुठंयत?"
कोर्टवर पाय पडल्याशिवाय नाव चढत नाही, मी म्हणालो.
म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

चौथ्या मॅचला अजून अवकाश होता.
सर चहाला गेलेले, शिट्टी टेबलावर.
शहरातल्या एकीनं काही न बोलता
चेंडू त्यांच्याकडं घरंगळत सोडला.

मग जे झालं त्याला मॅच म्हणता येत नाही.
फाऊल ज्याचा त्यानं कबूल करायचा,
वेळ पिंपळाची सावली फ्री थ्रो लाइनला येईतो.
कॅनव्हासचे बूट घातलेली एक बारकी
दोघींच्या काखेखालून अशी सटकली
की त्या दोघीच आधी हसल्या.

गुण मी मोजले नाहीत. सवयीनं हात शिवशिवला, तरी नाही.
टायट्रेशनच्या कागदामागं नावं लिहिली, सातही.
त्या बारकीचं 'भोये' मी 'भोय' लिहिलं.
ती टेबलावर वाकली,
माझ्याच पेन्सिलीनं मात्रा दिली,
आणि पेन्सिल परत कानावर ठेवायला
माझ्या हातात दिली.

त्यांची परतीची गाडी दोन चाळीसची होती.