हातचा मंगळवार

अराबा,
तू फोनवर दाखवलास तो तुझा आठवडा मी पाहिला.
चौकटीच चौकटी.
पिवळ्या म्हणजे इस्पितळ,
निळ्या म्हणजे झोप
(निळं फारच थोडं, बाई),
आणि रविवारी संध्याकाळी एक हिरवी फट:
आई, वीस मिनिटं.
राग नाही आला मला.
वाटणीत शेपटीही कुणाच्या तरी ताटात पडतेच.

पण वीस मिनिटांत सांगू काय?
पहिली पाच "ऐकू येतंय का" मध्ये जातात,
मग तुझा बाप फोन ओढून घेतो
आणि अक्रातल्या टोमॅटोचा भाव विचारतो.

आपल्याकडे आठवडा भिंतीवर नसतो,
अंगणात असतो.
एकुआ म्हणून हाक मारली की बुधवार वळून बघतो.
आतो रुसला की शनिवार जेवत नाही.
तू मंगळवारची.
त्या दिवशी समुद्रात जायचं नाही,
हे तुझ्या आज्याच्या आज्यालाही कुणी समजावलं नव्हतं,
त्याला ते ठाऊकच होतं.
म्हणून पाच लेकरांत तुझ्या एकटीच्या जन्माला
तुझा बाप जमिनीवर होता,
दाराबाहेर बसून जाळ्याचं एकच भोक
तीनदा शिवत.

शाळेत मास्तर ओरडायचे तुझ्यावर,
हातचा एक विसरतेस म्हणून.
मला वाटतं, समुद्रही तसाच हिशेब करतो:
सहा दिवस मांडतो,
एक हातचा ठेवतो.

आता खरं सांगते.
मंगळवार होड्यांचा, बायकांचा नव्हे.
सोमवारची तारली बुधवारची वाट बघत नाही,
ती सडते.
बाप नारळीच्या सावलीत गावाचे तंटे ऐकत बसायचा
आणि मी भट्टीपाशी, डोळ्यांत धूर, पाठीवर तू,
जाळीवरची मासळी उलटत.
तू दमले म्हणालीस की तो म्हणतो, "मंगळवार पाळ."
मी गप्प बसते.
इस्पितळातली माणसंही सोमवारच्या मासळीसारखीच,
थांबत नाहीत.
(वाईट बोलले. सोडून दे.)

एक गोष्ट मात्र त्या वीस मिनिटांत कधी मावली नाही.
तू नऊ वर्षांची. मंगळवारच.
दोन पाट्या तारली, लाकडं रचलेली, काडी माझ्या हातात.
तू येऊन म्हणालीस,
आज माझा वार आहे.
एवढंच. मागितलं काहीच नाहीस.
मी काडी परत पेटीत ठेवली.

किती वेळ बसलो आपण त्या खडकावर?
तू शिंपले मोजत होतीस, चुकत होतीस,
पुन्हा पहिल्यापासून.
माशांचं घोंगावणं तिथवर ऐकू येत होतं,
तरी मी मागे वळले नाही.

संध्याकाळी एक पाटी शेजारच्या डुकरांनी खाल्ली,
दुसरी अर्ध्या भावात गेली.
एसी आत्या आठवडाभर बोलत होती.
तो तोटा मी वहीत अजून लिहिलेला नाही.
त्या वर्षाची बेरीज जुळत नाही.
न जुळू दे.

तर चौकटी पुसू नकोस.
पिवळ्या असू देत, त्यांच्यावर तुझं घरभाडं उभं आहे.
फक्त कधीतरी
पेटवायला घेतलेली काडी परत ठेव.
कुणासाठी, ते मी विचारणार नाही.
माझ्यासाठीच असं नाही.
तो एको, ज्याचं नाव तू दोनदा घेतलंस
आणि तिसऱ्यांदा गिळलंस, त्याच्यासाठी.
नाहीतर कुणासाठीच नाही, नुसती लोळायला.

रविवारी कर फोन.
वीस मिनिटं झाली की खुशाल ठेव.
मी थोडी आणखी बसेन इथे,
गरम झालेला फोन कानाशी धरून.
भट्टी हल्ली तशीही उशिरा पेटते.