आवक क्रमांक ८१४

पुस्तकात लिहिलंय,
महानगरपालिका पाणी पुरवते.
मी फळ्यावर उतरवलं, खाली रेघ मारली,
तर मागच्या बाकावरून गुंडेट्यांची श्रावंती म्हणाली,
बाई, पाणी इरण्णाकाका सोडतो.

सगळ्या वर्गाचं एकमत झालं.
एरवी खडूच्या तुकड्यावरूनसुद्धा होत नाही.
पाचव्या दिवशी, रात्री अडीच-तीनला
तो येतो सायकलवरून, खांद्यावर लांब लोखंडी चावी,
बोळाच्या तोंडाशी फरशी सरकवतो,
आणि यंत्रमाग थांबल्यावर उरते त्या शांततेत
नळ आधी खोकतो,
मग दारोदार हाका :
नीळ्ळु वच्चिनय!
नीर बंदव!
उठो, पानी आया!
अगं पाणी आलं, घागर कुठाय?

'समुदाय' शब्दाचा अर्थ
मी जूनपासून सांगत होते.

पण इरण्णाकाकाला कोण सांगतं?
त्याचा साहेब, मल्लिनाथ म्हणाला.
साहेबाला? मोठा साहेब. मोठ्या साहेबाला?
पोरं चढत गेली छतापर्यंत, बंद पंख्यापर्यंत,
सुमेरा तर थेट अल्लापर्यंत पोचली.
म्हटलं, खाली उतरा आता.
सगळ्यात शेवटी तुमची आई.
बोटाला शाई लावून आली होती ना, ती.
श्रावंतीनं जरा विचार केला.
आई विड्या वळते, बाई.
तिचं बोट तंबाखूनं आधीच काळं.
शाई कुणाला दिसली असेल?

हे प्रकरणात नव्हतं.

शनिवारी जोडीजोडीनं झोन ऑफिसला गेलो.
अर्ज त्यांचाच, मी फक्त वेलांट्या बघितल्या :
आमच्याकडे पाणी दिवसा सोडावे,
कारण आम्हाला वर्गात झोप येते.
खाली सदतीस सह्या. एक अंगठा, उगीच, हौसेनं.
कारकुनानं शिक्का मारला तेव्हा
ओली शाई बघायला सगळे टेबलावर वाकले.

पाणी अजून रात्रीच येतं.
श्रावंतीनं वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहून ठेवलाय,
दर सोमवारी हजेरीआधी विचारते,
बाई, आठशे चौदाचं काय झालं?

काल शाळा सुटल्यावर एकटीच गेले.
साहेब मीटिंगमध्ये होते.
बाहेरच्या बाकावर आधीच एकजण बसलेला,
सरकून त्यानं जागा दिली.
दोन महिन्यांचा पगार राहिलाय म्हणाला,
आणि तुमचं काय काम?
मी सांगितलं.
इरण्णा नुसता मान हलवत राहिला.
चावी भिंतीला टेकवलेली,
माझ्या चौथीतल्या कुणाहीपेक्षा उंच.