कंसातला जुना आकडा

पीअर, साउथ डकोटा. जूनचा शेवटचा आठवडा.
सरकारने आठ खात्यांची पाच केली.
भिंती पाडल्या नाहीत, दारांवरच्या पाट्या काढल्या फक्त;
स्क्रूची भोकं तशीच.

आर्डिस हाउगेनच्या टेबलावर नियम येऊन पडले:
न्हाव्याने टॉवेल किती वेळ उकळावा,
मधाच्या पेट्या रस्त्यापासून किती फूट लांब,
विहिरीचं झाकण किती पौंडांचं.
एकेकाचं बोट धरून
नव्या घरी पोचवायचं.
अर्थाला धक्का नको.
नाव बदला, क्रमांक बदला,
खाली कंसात जुना आकडा ठेवा,
म्हणजे कुणी विचारलंच, कुठला रे तू मूळचा,
तर सांगता यावं.

मशीनला सांगितलं: जिथे ‘खाते’, तिथे ‘विभाग’.
मशीन आज्ञाधारक.
तिकडच्या भाषेत चूक निराळीच झाली होती,
पण आपल्या भाषेत सांगायची तर अशी:
‘जी गाय बुरशीचा चारा विभाग, तिचं दूध वेगळं काढावं.’
आर्डिस हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा,
आणि पेन्सिलीला टोक काढून
साडेनऊशे पानं वाचायला बसली.

गुरुवारी गारा पडल्या, पार्किंगमधल्या गाड्यांना पोचे आले,
आणि एक नियम उरला.

गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जे खोपट उभारतात
त्याचं दार बाहेरच्या बाजूला उघडावं.
दारावर मालकाचं नाव, दोन इंची अक्षरांत.
साडेतीन ओळी. कुठल्याच यादीत नाहीत.
उद्यानवाले म्हणाले, दार म्हणजे सुरक्षा, तिकडे द्या.
सुरक्षावाले म्हणाले, तळं आहे ना, मग उद्यान.
तीस तारखेच्या मध्यरात्री ज्याला कुणी वाली नाही
तो नियम आपोआप रद्द,
आदेशातच होतं तसं, कलम अकरा.

नियमाखाली नुसती तारीख: ९ मार्च १९७९.
का, ते नियम कधी सांगत नाही.
आर्डिस तेव्हा सातवीत.
सॉरविगांचे दोघे भाऊ, आत उघडणारं दार,
उंबऱ्याशी वितळून पुन्हा गोठलेलं पाणी,
आणि रॉकेलचा स्टोव्ह, चालूच.
धाकटा तिच्या वर्गात होता.
तिचा कर्कटक त्याच्याकडेच राहिला.
त्यांची आई विधानभवनात आली, एकच वाक्य बोलली.
ते वाक्य कुठल्याही नोंदीत नाही.
दार आहे.

आर्डिसचा अधिकार स्वल्पविरामापुरता.
तरी एकोणतीसच्या संध्याकाळी तिने फोन लावला
उपसचिव डेल क्विटमायरला.
तो मुलीच्या सॉफ्टबॉलच्या सामन्याला.
“किती ओळी?”
“साडेतीन.”
मागे कुणीतरी जीव खाऊन धावलं, लोक ओरडले.
“मग टाक आमच्यात. काय फरक पडतो.”
मैदानापर्यंत ती स्वतः गेली.
सही त्याने गाडीच्या बॉनेटवर केली,
कागदाच्या कोपऱ्याला मोहरीचा पिवळा डाग.
तो कागद तसाच फायलीला लागला.

जानेवारीत कुणी एक पोरगा
रंगाचा डबा घेऊन बर्फावर उभा राहील,
पट्टीने अक्षरं मोजेल, बोटं बधिर,
पुटपुटेल: कुणाला सुचतात असले नियम!
दार बाहेर उघडेल.

आर्डिस तेव्हा शुद्धिपत्रक काढत असेल:
पान सहाशे बारा, ओळ चौथी,
एक गाय अजूनही
चारा विभाग.