त्याचा काही नेम नाही

नोव्हेंबर लागला की बफेलोत तळ्याकडून बर्फ येतो
आणि न्यूयॉर्कहून पानं.
पेन्सिलीतला हेरन धनुष्य ताणून उभा,
तोंडापुढे रिकामे फुगे.
ते मी भरायचे, दर पानामागे ठरलेले डॉलर.
एकतीस वर्षं या माणसाला वाचा आहे ती माझ्या मनगटात.

पहिला हेरन साधा होता.
कालव्याकाठच्या धान्यकोठारात वाढलेला पोर,
राखी टोपी, पाठीला भाता,
बोलणं तीन शब्दांच्या वर नाही.
मग खप बसला. संपादक ओशे म्हणाला, "पृथ्व्या वाढवू,"
पाहुणे वाढले की सूपमध्ये पाणी वाढवतात
त्या सुरात.

चौथ्या पृथ्वीवर तो बाई झाला.
मी टाक बदलला नाही, अक्षरं नाजूक केली नाहीत.
ओशेला कळलं नाही. टलाहासीच्या एका मुलीला कळलं,
तिचं पत्र अजून शाईच्या खणात आहे.
नवव्यावर डावा हात कोपरापासून नाही,
धनुष्य पायाने रोवतो, दोरी उजव्याने ओढतो,
बाण दातांत धरलेला. बोलणं दातांमधून,
म्हणून अक्षरं जरा आवळून घेतली.
अकराव्यावर राजा. बाण सोडायला माणसं ठेवलेली,
आणि बोलतो इतका, की फुगे त्याच्या चेहऱ्यावर चढले.

सतराव्यावर तो लॅकवानात टायर विकतो.
धनुष्य कधी हातात घेतलंच नाही.
बावीस पानं, बाण शून्य.
शेवटच्या चौकटीत गिऱ्हाइकाच्या पोराचा चेंडू
तो मान न वळवता झेलतो,
आणि बिलावर सही करतो.
तिथे मी काही लिहिलं नाही.
पैसे मात्र पूर्ण पानाचे घेतले.

एक गोष्ट कुणी लिहून देत नाही.
पटकथेत एवढंच: बाण सुटतो.
त्याचा आवाज मी आणला आमच्या मागच्या अंगणातून.
आई गोठलेल्या दोरीवरून चादरी ओढायची,
दोरी मोकळी होऊन म्हणायची,
ठण्ण.
राजा असो, थोटा असो, बाई असो,
सगळ्या पृथ्व्यांवर तीच दोरी.
पावलाकांच्या अंगणातली, हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग हात थरथरायला लागला.
आधी सह्यांत, मग कॉफीत, मग स्वल्पविरामांत.
कंपनीने माझी अक्षरं स्कॅन केली,
फॉन्टला माझंच नाव दिलं: ओटिलिया, साधा आणि ठळक.
प्रत्येक अक्षराचे तीन नमुने, आळीपाळीने येतात,
म्हणजे हाताने लिहिल्यासारखं वाटावं.
ती ओटिलिया चांगली आहे. पहाटे चारला उठवली तरी लिहिते.
तिच्या पृथ्वीवर कुणी म्हातारं होत नाही,
आणि तिला दोरी ठाऊक नाही.

काल डेझमंडचा फोन. पोरगा आहे, पानं जुळवतो.
म्हणाला, सतरावा परत येतोय. साठीचा.
दुकान बंद करून गॅरेजमध्ये
कुणीतरी उधारीपोटी ठेवून गेलेलं धनुष्य उचलतो.
आयुष्यातला पहिला बाण.
फॉन्टचा आवाज फार नेमका येतोय,
तुम्ही हाताने काढाल?
मी म्हटलं, हाताचा काही नेम नाही.
तो म्हणाला, त्याच्याही.

पान टेबलावर आहे.
डाव्या हाताने उजवं मनगट धरून
"ठ"चं वर्तुळ घातलं, ते मिटलं नाही.
"ण"चे पाय लांबत गेले,
चौकट ओलांडून गॅरेजच्या दारापर्यंत.
बाण कुठे लागला ते चित्रकाराने दाखवलेलं नाही.
रेडिएटरवर शाई वाळत्येय.
कुरियरवाला पाचला येतो, बर्फात साडेपाचला.
पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही.